आखणीवाल्याच्या जागी बसून बघा

गणपतीच्या मूर्तीचा फोटो काढायला शिकायचं असेल, तर कारखान्यात गेल्यावर आखणी करणारा कारागीर कुठे बसलाय ते आधी बघा. कॅमेरा तोवर पिशवीतच राहू द्या.

आखणी म्हणजे डोळ्यांचं काम. बुबुळ, पापणी, भुवईची रेघ. हात केसभर हलला तरी देवाची नजर फिरते, म्हणून कारखान्यातली सगळ्यात चांगल्या उजेडाची जागा या माणसाची असते. बहुतेक वेळा दाराशी, आणि दार त्याच्या डाव्या हाताला. उजव्या हाताची सावली ब्रशच्या टोकावर पडू नये म्हणून.

मी पेणला राहते. अकरा वर्षं झाली, पेण, हमरापूर, जोहे या भागातल्या कारखान्यांच्या कॅटलॉगसाठी मूर्तींचे फोटो काढते. पहिल्या वर्षी कॅमेऱ्यावरच फ्लॅश लावून चाळीस मूर्ती उरकल्या होत्या. कारखानदारांनी फोटो पाहिले आणि म्हणाले, "ताई, मूर्ती आमचीच आहे, पण नजर गेली हो." खरंच गेली होती. समोरून आलेल्या फ्लॅशने सोंडेवर पांढरा चट्टा पडला होता, पितांबराच्या चुण्या सपाट झाल्या होत्या आणि डोळे नुसते रंगवलेले दिसत होते. तिथल्या वयस्कर आखणीवाल्याने आपला पाट सरकवला आणि म्हणाला, "इथे बसा आणि बघा." मी फोटोग्राफी शिकले ती त्या पाटावर.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. फोन पुरेल. घरात छोटी मूर्ती नसेल तर सोललेला, शेंडीवाला नारळ घ्या. खिडकीत थेट ऊन येत नसेल अशा वेळी तो खिडकीपासून हातभर अंतरावर ठेवा आणि घरातले सगळे दिवे बंद करा. खिडकी तुमच्या पाठीशी असताना एक फोटो, डाव्या हाताला असताना एक, नारळाच्या मागे असताना एक. बाजूच्या उजेडात करवंटीचा धागान् धागा उठून दिसेल, समोरच्या उजेडात तोच नारळ चपटा वाटेल. आता अंधाऱ्या बाजूला पांढरी कार्डशीट उभी करा आणि हळूहळू जवळ आणा. सावली कुठे नरम होते आणि कुठे पार पुसली जाते, ते डोळ्यांनी ओळखता येईपर्यंत हेच करत राहा. आठवडा लागला तरी लागू दे.

दिवे बंद करायचे ते रंगासाठी. दारातून येणारा उजेड निळसर, पिवळा बल्ब तांबूस. दोन्ही एकाच मूर्तीवर पडले तर एक गाल एका रंगाचा, दुसरा दुसऱ्या. ते नंतर कॉम्प्युटरवर नीट होत नाही. फोनवाल्यांनी आणखी एक करा: मूर्तीच्या अगदी जवळ जाऊ नका, सोंड आणि पोट फुगतं. चार पावलं मागे या आणि दोन पट झूम घ्या.

आता खर्चाकडे. पहिले पैसे ट्रायपॉडवर घाला, आणि तो जड घ्या. हलका ट्रायपॉड कारखान्याच्या ओबडधोबड जमिनीवर थरथरतो. पावसाळी दिवसात दाराशी आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १०० आणि एफ/८ (हा आकडा जेवढा मोठा तेवढं लेन्सचं छिद्र लहान) ठेवलं, तर शटर पाव ते अर्धा सेकंद उघडं राहतं. एवढा वेळ हातात कॅमेरा स्थिर राहणं अशक्य. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबल्याचा हादराही येत नाही.

कॅमेरा जुना चालेल. २४ मेगापिक्सेलचा साधा क्रॉप सेन्सर (म्हणजे उजेड टिपणारी चकती लहान असलेला) कॅमेरा आणि ५० एमएम एफ/१.८ लेन्स एवढ्यावर माझे सगळे कॅटलॉग झालेत. दोन फुटी मूर्तीला सहा-सात फुटांवरून ही लेन्स बरोबर बसते. ती एफ/१.८ वर उघडून काढायचा मोह आवरा. डोळे स्पष्ट येतात, पण पुढे आलेली सोंड नाही तर मागची प्रभावळ धूसर होते. एफ/८ ठेवा. निकॉनच्या डी३५००, डी५६०० अशा कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, तेव्हा त्यांना स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस किंवा एएफ-पी लेन्सच घ्या, नाहीतर फोकस हाताने करावा लागेल. सेकंडहँड कॅमेरा घेताना एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा. सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात.

फ्लॅश घ्यायचा तो दार नसेल तिथल्यासाठी. गोडॉक्स टीटी६०० सारखा मॅन्युअल फ्लॅश (उजेड हाताने कमी-जास्त करायचा), त्याला तारेशिवाय पेटवणारा वायरलेस ट्रिगर, एक स्टँड आणि उजेड पसरवणारी पांढरी छत्री. फ्लॅश कॅमेऱ्यावर कधीच नको. छत्री मूर्तीच्या डावीकडे, डोळ्यांपेक्षा थोडी वर, तीन-चार फुटांवर. म्हणजे आखणीवाल्याचं दारच उभं करायचं. छत्री दुप्पट लांब नेली तर उजेड चौथाई उरतो आणि सावलीच्या कडाही कडक होतात, म्हणून ती फ्रेममध्ये येणार नाही इतकीच दूर ठेवा. शटर १/१६० सेकंदाच्या आसपास. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पुढे गेलात की फोटोत काळा पट्टा येतो.

चकाकी हा मूर्तीच्या फोटोतला सगळ्यात छळणारा भाग. वार्निश मारलेल्या अंगावरची चमक पोलरायझर फिल्टर (लेन्सपुढे लावायची काच) फिरवून बरीच कमी होते. मुकुटावरच्या सोनेरी रंगावर मात्र त्याची मात्रा तेवढी चालत नाही, कारण धातूसारख्या पृष्ठभागावरची चमक त्याला आवरत नाही. तिथे छत्री वीतभर मागे-पुढे सरकवून बघत राहायचं. चट्टा नाहीसा करू नका, पसरवा. सोनं थोडं चमकलंच पाहिजे.

आमच्या भागातल्या दमट हवेत लेन्सला बुरशी फार लवकर लागते. एका पावसाळ्यात कापडी बॅगेत राहिलेली माझी लेन्स आतून कोळ्याच्या जाळ्यासारखी झाली होती. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवा. आकडा ४० ते ५० च्या मध्ये हवा.

आणि फोटो झाला की कारखानदारांच्या आधी आखणीवाल्याला दाखवा. फोटोतले डोळे झूम करून दाखवा. तो "हं" म्हणाला तर पुढची मूर्ती घ्या. गप्प राहिला तर छत्री सरकवा आणि परत काढा.