बोट ओढायला पिकअप घेताय? या चुका टाळा

एप्रिल उजाडला की डेट्रॉइटच्या आसपासच्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात. रोज ऑफिसला जायचंय, उन्हाळ्यात अधूनमधून बोट न्यायची आहे, तर मिडसाइज पिकअप कुठली घेऊ? मिशिगनमध्ये ११,०००हून जास्त तळी आहेत, त्यामुळे प्रश्न पडणारच. मला त्रास होतो तो पुढचं वाक्य ऐकून. "गाडी बुक केलीय, बोट अजून बघतोय." इथेच सगळं उलटं होतं. आधी बोट ठरवा, मग तिचं खरं वजन काढा आणि त्यानंतरच गाडीच्या दुकानात पाय ठेवा. जवळजवळ प्रत्येक चूक हा क्रम मोडल्यामुळे होते.

माहितीपत्रकातलं वजन खरं मानणं

बोटीच्या माहितीपत्रकात छापलेलं वजन बहुतेक वेळा कोरड्या, रिकाम्या बोटीचं असतं. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेली मोटर असेल, तर कित्येकदा तीही त्यात धरलेली नसते. समजा १९ फुटी बोटीवर २,३०० पौंड लिहिलंय. त्यात ११५ हॉर्सपॉवरच्या मोटरचे साधारण ३८० पौंड मिळवा. पेट्रोल गॅलनला सुमारे सहा पौंड भरतं, म्हणजे ३० गॅलनचे १८० झाले. दोन बॅटऱ्यांचे १००. नांगर, दोर, लाइफ जॅकेट, मुलांची ट्यूब, कूलर मिळून २५० तरी होतात. आणि ट्रेलर हवेत तरंगत येत नाही, त्याचे ९००. एकूण ४,१०० पौंडांच्या वर. ज्या बोटीला "फक्त २,३००" समजून लोक गाडी शोधत असतात, तिचं रस्त्यावरचं वजन हे आहे.

माझ्या एका मित्राचं काय झालं ते सांगतो, कारण त्या दिवसाची भीती माझ्या मनातून अजून गेलेली नाही. त्याने वापरलेली बोट घेतली. विकणाऱ्याने सांगितलं, ट्रेलरसकट ३,५०० पौंड. काटा कोणी केला नव्हता. दोन कुटुंबं ह्यूटन लेकला निघालो होतो, तो बोट घेऊन पुढे आणि मी माझ्या गाडीत मागे. फ्लिंटपर्यंत सगळं ठीक होतं. सॅगिनॉच्या पुढे आय-७५ हायवेवर झिलवॉकीचा पूल लागतो. सॅगिनॉ नदीवरचा हा पूल फार उंच आहे आणि तिथे आडवा वारा लागतो. पुलावर एका मोठ्या ट्रकने त्याला ओलांडलं आणि त्याचा ट्रेलर डोलायला लागला. आधी थोडासा, मग लेनची एक रेघ ते दुसरी रेघ. मागून मला बोटीचं एक अंग दिसायचं, मग दुसरं. गाडीत त्याची बायको आणि दोन्ही मुलं होती. त्याने ब्रेक दाबला नाही, फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. तेवढ्यानेच ते वाचले. घाबरून जोरात ब्रेक मारला असता किंवा वेग वाढवून "सरळ करायला" गेला असता, तर बोटीने गाडीला कठड्यावर नेलं असतं.

पूल उतरल्यावर ट्रक स्टॉप गाठला आणि काट्यावर गेलो. ट्रेलरसकट बोट भरली ४,६०० पौंड. त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. हिचच्या बॉलवर, म्हणजे गाडीमागे ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर पडणारं वजन, ज्याला टंग वेट म्हणतात, ते २०० पौंडही नव्हतं. ते एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावं लागतं. पुढचं टोक हलकं राहिलं की ट्रेलर डोलणारच. कारण अगदी साधं होतं. दोन्ही भरलेले कूलर, जास्तीच्या पेट्रोलचे कॅन आणि नांगर, सगळं बोटीच्या मागच्या भागात रचलं होतं, मोटरच्या शेजारी. चढवायला तिथे सोपं पडतं ना! आम्ही सगळं सामान पुढे आणलं, नांगर पुढच्या कप्प्यात टाकला आणि उरलेला रस्ता ताशी ५५ मैलांच्या वेगाने गेलो. ट्रेलर पुन्हा डोलला नाही. घरी आल्यावर त्याने ट्रेलरवरचा पुढचा आधार थोडा सरकवून घेतला, म्हणजे बोटच पुढे बसते.

आता माझी सवय. बोट घेतली की पेट्रोल भरून, सगळं सामान टाकून काटा करायचा. हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर थोड्या डॉलरमध्ये छापील पावती मिळते. एकदा बोट जोडून आणि एकदा नुसत्या गाडीचा काटा केला की दोन्ही पावत्यांवरून टंग वेटही कळतं. ज्यांना या कामासाठी अर्धा तास काढणं जड जातं, त्यांच्या बोटीच्या मागून गाडी चालवायला मला आवडत नाही. नव्या गाड्यांमध्ये ट्रेलरचं डोलणं आवरणारी यंत्रणा असते, ती चांगलीच आहे. पण चुकीचं रचलेलं सामान ती उचलून पुढे ठेवणार नाही.

ओढण्याचा आकडा पाहून भुलणं, दाराचं स्टिकर न वाचणं

जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो ओढण्याचा आकडा. टोयोटा टॅकोमा ६,५०० पौंड, फोर्ड रेंजर ७,५००, शेवरोले कोलोरॅडो ७,७००, होंडा रिजलाइन ५,०००. हे त्या त्या मॉडेलचे सर्वांत जास्त आकडे आहेत, तुमच्या समोर उभ्या असलेल्या गाडीचे नव्हेत. शिवाय ज्या मापदंडाने हे आकडे काढतात, त्यात गाडीत फक्त दोन माणसं धरलेली असतात, प्रत्येकी १५० पौंडांची. आपल्यात दोन माणसं बोट घेऊन कधी निघतात?

चालकाचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर पिवळी पट्टी असलेलं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून या वजनापुढे जाऊ नका, असं त्यावर लिहिलेलं असतं. मिडसाइज पिकअपमध्ये तो आकडा बहुतेक १,१०० ते १,६०० पौंडांच्या दरम्यान सापडतो. समजा १,२०० आहे. चार मोठी माणसं, प्रत्येकी १६०, म्हणजे ६४०. बॅगा, जेवणाचे डबे, कूलर मिळून १५०. नंतर बसवलेलं मागच्या हौद्याचं कडक झाकण १००. आणि आता टंग वेट, कारण तेही गाडीच्याच अंगावर पडतं. ४,५०० पौंडांच्या बोटीचे ४५०. बेरीज १,३४०. ओढण्याची मर्यादा अजून कितीतरी दूर आहे, पण गाडी वाहण्याच्या मर्यादेपुढे केव्हाच गेलेली आहे. मागचे टायर दबतात, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल लागतं. मला विचारलं तर ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे आणि सर्वांत कमी लोकांना माहीत असलेलीही.

त्याच मॉडेलच्या दोन गाड्यांवर दोन वेगळे आकडे असतात. जास्त सोयींची गाडी स्वतःच जड असते, म्हणून तिचा आकडा कमी. त्यामुळे मी डीलरला आधी त्याच गाडीच्या स्टिकरचा फोटो पाठवायला सांगतो. फोटो आला नाही तर जात नाही.

याच कारणासाठी ऑफ-रोड मॉडेलच्या मोहात पडू नका. उंच सस्पेन्शन, जाडजूड टायर, देखणा चेहरा, सगळं खरं. पण रेंजर रॅप्टर ओढते ५,५१० पौंड आणि कोलोरॅडोची झेडआर-२ ६,०००. जास्त पैसे मोजून तुम्ही कमी ओढणारी गाडी घेता, आणि ते टायर रोज आय-६९६ वर कानाशी घोंघावत राहतात, ते वेगळंच.

"हिच काय, नंतर लावून घेऊ"

हे वाक्य ऐकलं की मी हातातलं काम बाजूला ठेवून समजावायला बसतो. हिच म्हणजे मागे लावलेला लोखंडी तुकडा, एवढीच लोकांची समजूत असते. कंपनीच्या टो पॅकेजमध्ये मॉडेलप्रमाणे हिचबरोबर सात पिनांचं वायरिंग, जास्तीचं कूलिंग, ट्रेलर ब्रेकची सोय असं बरंच काही येतं. रेंजर टो पॅकेजसकट ७,५०० पौंड ओढते, त्याशिवाय फक्त ३,५००. फोर्डचीच, आकाराने लहान असलेली मॅव्हरिकही पॅकेजसकट ४,००० आणि एरवी २,००० ओढते. बाहेरच्या दुकानातून दणकट हिच बसवून घेतलात म्हणून गाडीचा आकडा वाढत नाही. हिचवर ७,००० लिहिलेलं असलं तरी मर्यादा सगळ्यांत कमजोर दुव्याची असते, मग तो गाडी असो, हिच असो, बॉल असो की ट्रेलर. डीलरच्या अंगणात उभी असलेली गाडी "आजच घेऊन जा" म्हणून थोडी स्वस्त मिळते, आणि बऱ्याचदा त्या गाडीवर पॅकेज नसतं. थोडं थांबा. पॅकेज असलेली गाडी येईपर्यंत तळी कुठे जात नाहीत.

बोटीच्या ट्रेलरबद्दल एक खास गोष्ट. हे ट्रेलर पाण्यात उतरतात, म्हणून त्यांना बहुधा विजेचे ब्रेक नसतात. त्यांचे ब्रेक हायड्रॉलिक असतात आणि ट्रेलरने गाडीला पुढे ढकललं की आपोआप लागतात. रिव्हर्समध्येही तेच घडतं आणि उतारावर मागे घेताना चाकं जाम होतात. ते टाळायला पाचवी तार असते, रिव्हर्सच्या दिव्याबरोबर ती ब्रेक सोडवते. चार पिनांचं कनेक्शन असेल तर ती तार जोडलीच जात नाही. सात पिनांवरून पाच पिनांचा अ‍ॅडॉप्टर घ्या आणि कायम गाडीतच ठेवा.

बाकीच्या चुका एकेका वाक्यात उरकतो, कारण त्या करण्याला काही निमित्तच नाही. बॉलचं माप कपलरवर, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या टोकावर कोरलेलं असतं, तेच घ्या. दोन इंचाच्या कपलरखाली एक-सप्त-अष्टमांश इंचाचा बॉल बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात निसटतो. सुरक्षा साखळ्या कपलरखाली एकमेकींना ओलांडून लावा. ट्रेलरच्या टायरवर DOT अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे पाहा, पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी चांगली दिसली तरी म्हातारा टायर फुटतो. ट्रेलरचा स्पेअर टायर न्या, गाडीचा त्याला चालत नाही. बोट पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर नेण्याआधी बाजूच्या जागेत बोट बांधलेले पट्टे सोडा, ड्रेन प्लग (बोटीतलं पाणी सोडायच्या भोकाचं बूच) लावा, सामान चढवा. चाकांचे हब गरम असताना थंड पाण्यात गेले तर आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी बेअरिंगमध्ये ओढलं जातं, म्हणून ती तयारीची वेळ हबनाही थंड व्हायला मिळते. वाटेतल्या पहिल्या थांब्यावर मी प्रत्येक हबला हात लावून पाहतो. कोमट चालेल, चटका नको. परत निघताना मिशिगनमध्ये ड्रेन प्लग काढून पाणी सोडूनच रस्त्यावर यायचं, २०१९पासून तसा कायदा आहे. एका तळ्यातले किडे आणि वनस्पती दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून तो केलाय आणि मनापासून पाळण्यासारखा आहे.

वर्षभराचं विसरून चार वीकेंडसाठी गाडी घेणं

बोट ओढाल उन्हाळ्यातले काही शनिवार-रविवार. ऑफिसला जाल बर्फात, खड्ड्यांतून, वर्षभर. तरी लोक डीलरच्या भोवती दहा मिनिटं गुळगुळीत रस्त्यावर फिरवून सही करतात. रिकामी पिकअप मागून उसळते, कारण अनेकींना मागे पाट्यांच्या कडक स्प्रिंग असतात. रिजलाइनला तसं नाही, तिची मागची चाकं कारसारखी स्वतंत्र आहेत. म्हणून ज्यांची बोट ४,००० पौंडांच्या आत आहे आणि रोजचा प्रवास लांबचा आहे, त्यांना मी आधी तीच चालवून बघायला सांगतो. खरा पिकअप नाही, असं तिला हिणवणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. बोट ४,५०० पौंडांच्या पुढे असेल तर मात्र टॅकोमा, रेंजर, कोलोरॅडो, निसान फ्रंटियर यांच्याकडे वळा.

आणि १६ फुटी अ‍ॅल्युमिनियमची मासेमारीची बोट असेल, सगळं मिळून २,००० पौंडांच्या आसपास, तर पिकअप लागतेच असं नाही. घरातल्या सिएना किंवा ओडिसी मिनीव्हॅनची मर्यादा ३,५०० पौंड आहे. मॅन्युअल वाचा, कूलिंगबद्दलच्या अटी पाळा आणि वाचलेले पैसे चांगल्या ट्रेलरवर घाला. पिकअप हवीशी वाटणं वेगळं आणि लागणं वेगळं. हवीशी वाटत असेल तर जरूर घ्या, पण कारण बोटीच्या नावावर टाकू नका.

मागच्या सीटवर स्वतः अर्धा तास बसून पाहा. पाठ ताठ, गुडघे पुढच्या सीटला. उन्हाळ्यात आई-बाबा पुण्याहून किंवा नाशिकहून येतात, नेमके बोटीच्याच दिवसांत. साडी नेसून त्या उंचीवर चढणं कठीण जातं. पायरी आणि धरायला दांडा, दोन्ही असलेली गाडी घ्या.

वापरलेली पिकअप घेत असाल तर आधी खाली वाका. इथल्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ पडतं आणि फ्रेम आतून खाल्ली जाते. हिचच्या बोल्टभोवती हातोडीने हलकेच ठोकून पाहा. पापुद्रे निघाले तर किंमत कितीही कमी असो, निघून या. वर चकचकीत काळा रंग ताजा मारलेला दिसला तर जास्तच बारकाईने पाहा.

शेवटी टेप घेऊन गॅरेज मोजा. दुहेरी केबिन आणि पाच फुटी हौद्याची मिडसाइज पिकअप साधारण २१० ते २१३ इंच लांब असते, सहा फुटी हौदा घेतलात तर २२५च्या आसपास. आपल्याकडची पुष्कळ गॅरेजं २० फूट खोल, म्हणजे २४० इंच, आणि मागच्या भिंतीशी फ्रीज नाहीतर तांदळाच्या गोण्या असतात. बॉल माउंट, म्हणजे बॉल बसवलेला हिचमधला दांडा, लावलेलाच ठेवला तर आणखी आठ-दहा इंच जातात. त्याच दिवशी सबडिव्हिजनची, म्हणजे आपल्या वसाहतीची नियमावलीही काढून वाचा. पुष्कळ ठिकाणी ड्राइव्हवेत बोट उभी करायला बंदी असते आणि दंडाचं पत्र पटकन येतं. तसं असेल तर उन्हाळ्यात बोट मरिनात, म्हणजे पाण्यातल्या बोटींच्या तळावर, आणि हिवाळ्यात साठवणीच्या जागेत ठेवण्याचा खर्च आधीच विचारून घ्या. मरिनात ठेवायचं ठरलं तर बोट ओढायची वेळ वर्षातून दोनदाच येईल, आणि मग कुठली पिकअप हवी याचं उत्तरही बदलेल.