चार सिलिंडरचं इंजिन मिस मारतंय? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

इंजिन मिस मारतं म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. गाडी झटके देते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि लगेच चारही प्लग (ठिणगी पाडणारे) आणि त्यांना वीज पुरवणाऱ्या चारही कॉइल नव्या बसवल्या जातात. सर्वांत महाग चूक हीच. चारही सिलिंडरचे पार्ट सारखे असतात, त्यामुळे ते आपसात अदलून दोष शोधता येतो.

गाडीतले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी0302 म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिस मारतोय. दोनची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा, कोड पुसा, गाडी थोडी चालवा. आता पी0303 आला तर कॉइल गेली. कोड दोनवरच राहिला तर प्लग अदलून पाहा. तरीही तिथेच असेल तर इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासायची वेळ आली. एक नंबर कुठल्या बाजूला आहे ते मात्र मॅन्युअलमध्ये बघून घ्या, अंदाजाने मोजू नका.

कॉम्प्रेशन मोजताना इंधन आणि स्पार्क बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज असलेली. आकडा किती आला यापेक्षा चौघांत फरक किती, हे महत्त्वाचं. एखादा सिलिंडर 15 टक्क्यांहून जास्त मागे असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. जैसे थे राहिला तर संशय व्हॉल्व्हवर. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील, तर बहुधा त्या दोघांमधली हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यातलं सील) गेलेली असते.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर ताबडतोब वेग कमी करा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन पेटतं आणि मग कॉइलऐवजी कन्व्हर्टरचं बिल येतं.

प्लग थंड इंजिनातच काढा, नाहीतर ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे ओरबाडले जातात. नव्या प्लगच्या आट्यांना ग्रीस चोपडायची सवयही सोडा. बहुतेकांवर गंजरोधक मुलामा असतोच, आणि ग्रीसमुळे टॉर्क पान्यावर (आवळण्याचं बळ दाखवणाऱ्या) आकडा बरोबर दिसूनही प्लग जास्त आवळला जातो.

थरथर म्हणजे मिसफायरच, असंही नाही. ऑटोमॅटिक गाडी ब्रेक दाबून डी मध्ये ठेवल्यावर हादरते आणि न्यूट्रलमध्ये शांत होते? आधी इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) बघा.

ऑइलच्या बाबतीत ‘जाड ऑइल म्हणजे जास्त संरक्षण’ हा समज फार चिवट आहे. 0डब्ल्यू-20 (पातळ) सांगितलेल्या इंजिनात 20डब्ल्यू-50 (जाड) ऑइल घातलं तर थंड स्टार्टला ते वरपर्यंत उशिरा पोचतं. शिवाय व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावरच चालते, तिचा प्रतिसादही मंदावतो. पातळी सपाट जागी, इंजिन बंद करून 5-10 मिनिटांनी बघा. डिपस्टिकवरच्या मॅक्सच्या खुणेवर भरू नका. फिरणारा क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, फेस होतो, बेअरिंगला ऑइलबरोबर हवा जाते. छोट्या टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल इंजिनाला निर्मात्याने एपीआय एसपी (ऑइलच्या डब्यावर लिहिलेला दर्जा) सांगितला असेल तर तोच घ्या, आणि वरच्या गिअरमध्ये 1,500 आरपीएमच्या खाली ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नका. अशा वेळी मिश्रण स्पार्कच्या आधीच पेटू शकतं आणि पिस्टन फुटू शकतो.

टायमिंग बेल्ट किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी भरेल त्यावर बदलायचा. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर सोबतच बदला. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही, कारण पुन्हा सगळं खोलण्याची मजुरी पंपापेक्षा जड पडते. बेल्टऐवजी चेन असेल तर थंड स्टार्टला दोन-तीन सेकंद होणारा खडखडाट ऐकून सोडून देऊ नका.

तापमानाची सुई वर चढली तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू आणि पहिल्या सुरक्षित जागी गाडी थांबवून इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, त्यावर थंड पाणीही ओतू नका. बाहेर गळती नाही तरी कूलंट कमी होतंय आणि गरम इंजिनही पांढरा धूर सोडतंय, तर थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह नियंत्रित करणारा भाग) बदलत बसण्याआधी कूलंटमध्ये एक्झॉस्ट गॅस आहे का, याची चाचणी करून घ्या. हेड काढावंच लागलं तर ते वाकलंय का हे सरळपट्टी आणि फीलर गेजने मोजा, आणि एकदाच वापरायचे हेड बोल्ट असतील तर जुने परत लावू देऊ नका.