कॉलेजच्या पोरांसमोर क्रिप्टोवर पहिलं लेक्चर द्यायचंय? वह्या आधी, भाव शेवटी

इंदूरात क्रिप्टो हा शब्द ऐकला नाही असा कॉलेजचा पोरगा सापडणं कठीण आहे, भंवरकुआच्या होस्टेलांत तर प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी टेलिग्रामच्या एखाद्या ग्रुपात असतोच, पण बिटकॉइन चालतो कसा हे विचारलं की बहुतेक जण भाव सांगायला लागतात. म्हणून मंडळात किंवा डिपार्टमेंटमध्ये कोणी तुम्हाला म्हणालं की क्रिप्टोवर जरा बोल, तर जरूर बोला. फक्त एक पक्कं ठरवा की या लेक्चरमधून कोणी कॉइन घेऊन उठायचं नाहीये, समोरच्याला नेमकं काय विचारायचं हे शिकून उठायचंय. त्यामुळे भावाचा ग्राफ पहिल्या स्लाइडवर नको, खरं तर कुठल्याच स्लाइडवर नको. ग्राफ दिसला की पोरं मोबाईल काढतात आणि मग पुढचं कोणी ऐकत नाही.

४०-४५ मिनिटं धरा. पहिली वीस तरी वह्यांच्या खेळाला द्या, हा खेळ नीट झाला तर बाकी सगळं आपोआप कळतं.

पाच जणांना पुढे बोलवा, प्रत्येकाला एक वही, सगळ्यांच्या नावावर १०० गुण. आता मंदार मोठ्याने म्हणतो, मी सईला २० दिले, आणि पाचही जण आपापल्या वहीत ते लिहितात. असे चार-पाच व्यवहार झाले की पान संपलं. पानाखाली सगळ्या आकड्यांची बेरीज करायची, त्यात मागच्या पानाची बेरीज मिळवायची आणि आलेला आकडा पुढच्या पानाच्या डोक्यावर लिहायचा. तीन पानं झाली की एकाला हळूच सांगा, तुझ्या पहिल्या पानावरचे २० खोडून ५० कर. मग बाकीच्यांना तपासायला लावा, पहिल्या पानापासून पुढच्या सगळ्या बेरजा चुकतात आणि लबाडी लगेच पकडली जाते. सराफ्यातल्या पेढीची वही एकाच तिजोरीत असते, शेठजी म्हणतील तो हिशोब, इथे प्रत्येक दुकानात सगळ्या बाजाराची वही आहे, हे तेव्हा सांगा, लगेच पटतं.

मग दुसरा डाव. ज्याच्याकडे २० च उरलेत त्याने वर्गाच्या एका टोकाला सईला २० दिले म्हणायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाला मंदारला. अर्ध्या वह्यांत एक, अर्ध्यांत दुसरं. आता खरं कोणतं? इथे थांबा, पोरांना भांडू द्या, घाई करू नका. एकच रक्कम दोनदा खर्च होणं हीच ती जुनी अडचण, आणि बँकेसारखा कोणी मध्ये न ठेवता ती कशी सोडवायची हे सातोशी नाकामोतो या नावाने ३१ ऑक्टोबर २००८ ला आलेल्या बिटकॉइनच्या नऊ पानांच्या शोधनिबंधात मांडलं होतं. हा माणूस कोण हे आजही माहीत नाही. पहिला ब्लॉक, म्हणजे त्या वहीचं पहिलं पान, ३ जानेवारी २००९ चा.

तोडगा फाशाने दाखवा. ज्याला आधी सहा पडेल त्यानेच पुढचं पान लिहायचं, बाकीच्यांनी तपासून उतरवायचं, लिहिणाऱ्याला बक्षीस ५० गुण. झालं, हेच मायनिंग. बिटकॉइनमध्ये साधारण दर दहा मिनिटांनी एक पान लिहिलं जातं, बक्षीस सुरुवातीला ५० बिटकॉइन होतं आणि दर २ लाख १० हजार ब्लॉकनंतर अर्धं होत होत एप्रिल २०२४ पासून ३.१२५ वर आलंय, म्हणूनच एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे जात नाही.

एखादी हुशार मुलगी म्हणेलच की बेरीज फसवता येते, २० चे २५ करा आणि १५ चे १० करा, बेरीज तीच राहते. तिला शाबासकी द्या कारण हॅश (मजकुराचा ठराविक लांबीचा ठसा, एक अक्षर बदललं तरी पूर्ण बदलणारा) कशाला लागतो हे तिनेच सांगितलं. आता लॅपटॉप उघडा, पायथॉनच्या दोन ओळींत एसएचए-२५६ ही हॅश काढायची पद्धत चालते, नेट लागत नाही (हॉलच्या वायफायवर अजिबात विसंबू नका). एकदा इंदूर लिहा, एकदा इंदौर, दोन्ही वेळा ६४ अक्षरांचा आकडा येतो आणि दोघांत काहीच साम्य नसतं. मग फाशाच्या जागी एक लूप लावा, पुढे १, २, ३ जोडत जा आणि हॅशच्या सुरुवातीला चार शून्य आले की थांब. सरासरी ६५,५३६ प्रयत्न लागतात, डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. सहा शून्य सांगा, सरासरी १ कोटी ६७ लाखांच्या वर प्रयत्न, पंखा फिरायला लागतो आणि सगळे वाट बघत बसतात, पण उत्तर सापडल्यावर ते तपासायला एकच हिशोब. शोधणं कठीण आणि तपासणं सोपं, वीज एवढी का जळते तेही इथेच कळतं. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या क्रिप्टोने सप्टेंबर २०२२ मध्ये मायनिंगची ही पद्धत सोडली आणि त्याचा वीजखर्च ९९ टक्क्यांहून जास्त उतरला, हे एका वाक्यात सांगून पुढे चला.

वॉलेटबद्दल थोडंच बोला पण स्पष्ट. वॉलेटमध्ये कॉइन नसतो, किल्ली असते. ती किल्ली परत मिळवून देणारी १२ किंवा २४ शब्दांची सीड फ्रेज ज्याच्या हातात, पैसे त्याचे. यूपीआयमध्ये गडबड झाली तर निदान तक्रार करायला बँक असते, इथे चुकीच्या पत्त्यावर पाठवलं तर परत मागायला कोणी नाही. आणि कृपा करून स्वतःचं खरं वॉलेट प्रोजेक्टरवर उघडू नका, मागच्या बाकावरून कोणीतरी फोटो काढतोच.

आता कायदा, हा प्रश्न येतोच येतो. सरळ सांगा की भारतात हे चलन नाही आणि यावर बंदीही नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना यापासून दूर राहायला सांगितलं होतं, ते परिपत्रक सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं. मग २०२२ च्या बजेटात कर आला, आणि तो फळ्यावर मांडूनच दाखवा. एका कॉइनमध्ये ५,००० नफा, दुसऱ्यात ५,००० तोटा. पोरं म्हणतील हिशोब बरोबरीत सुटला. नाही! नफ्यावर ३० टक्के म्हणजे १,५०० आणि वर ४ टक्के सेस ६०, एकूण १,५६० भरायचे, तोटा वजा होत नाही. बाकी काही कमाई नसलेल्या विद्यार्थ्यालाही हे लागू आहे, इथे किमान उत्पन्नाची सूट चालत नाही. शिवाय ठराविक मर्यादेपुढे विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. लेक्चरच्या आधी ताजं बजेट एकदा बघून घ्या, दर बदललेले असू शकतात. डिजिटल रुपया वेगळा, तो रिझर्व्ह बँकेचाच आहे, डिसेंबर २०२२ पासून किरकोळ वापराची चाचणी सुरू झाली, त्याला क्रिप्टो म्हणू नका.

फसवणुकीला मात्र वेळ कमी पडू देऊ नका, मला विचाराल तर हा भाग झाला नाही तर लेक्चर अर्धंच राहिलं. गेनबिटकॉइन स्कीम घ्या, बिटकॉइन द्या आणि १८ महिने दरमहा १० टक्के घ्या असं आश्वासन होतं. पोरांनाच गुणाकार करू द्या, १ चे १.८ होतात. मग विचारा, जास्तीचे ०.८ कुठून आले, २ कोटी १० लाखांच्या बाहेर तर कॉइन बनतच नाहीत? कोणीतरी बोलतंच की नवीन येणाऱ्यांच्या खिशातून. बिटकनेक्टही रोजच्या व्याजाच्या आमिषाने वाढली आणि जानेवारी २०१८ मध्ये तिने ती योजना बंद केली. आणि एक्सचेंज (क्रिप्टो खरेदी-विक्रीचा ऑनलाइन बाजार) मोठं आहे म्हणजे पैसे सुरक्षित असंही नाही, २०१४ मध्ये माउंट गॉक्स बुडालं, नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स. शेअर टिप्सचे फोन आपल्या शहराला नवे नाहीत, तीच गोड भाषा आता क्रिप्टोसाठी ऐकू येते, खात्रीचा परतावा हा शब्द आला की फोन ठेवायचा.

शेवटी कोणीतरी विचारेलच, भैया कौनसा कॉइन लूं? नाव घेऊ नका, हसण्यावारीही नाही, तुमचं वाक्य त्याच रात्री पाच ग्रुपांत फिरेल. उलट त्यालाच विचारा, या कॉइनची वही कोण लिहितो, एकूण किती बनणार, बनवणाऱ्यांनी स्वतःकडे किती ठेवलेत, आणि तू विकशील तेव्हा घेणार कोण.

सगळे गेल्यावर दहा मिनिटं तिथेच थांबा. ज्याचे पैसे अडकलेत तो सगळ्यांसमोर बोलत नाही, नंतर एकटा येतो. त्याला ओरडू नका. त्याच्याजवळ बसून चॅटचे स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, पैसे पाठवले तो वॉलेटचा पत्ता, सगळं एका जागी जमवून घ्या, ग्रुप डिलीट करू देऊ नका, पैसे सोडवण्यासाठी आणखी फी भरा म्हणत असतील तर एक रुपया भरू देऊ नका, आणि तिथूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायला लावा, जितकं लवकर कळवाल तितकी बँकेतली रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.