हेअर ट्रान्सप्लांटनंतर चारचौघांत वावरताना: गोव्याच्या हवेत, गोव्याच्या माणसांत

हेअर ट्रान्सप्लांट करून घेणाऱ्याला धास्ती असते ती पहिल्या आठवड्याची. डोकं लालेलाल, खपल्या, सुजलेलं कपाळ. पण तो आठवडा रजा टाकून घरी निघून जातो. खरी पंचाईत महिन्याभरानंतर होते. तेव्हा जखमा भरलेल्या असतात, रजा संपलेली असते, लावलेले केस, मुळं आत ठेवून, गळून गेलेले असतात आणि डोकं कधीकधी आधीपेक्षाही विरळ दिसतं. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी पुढचे पाच महिने कॅलेंडरवर मांडून बघा.

घरात लग्न असेल तर दहा-बारा महिने आधीची तारीख घ्यावी. चवथीला सगळं गणगोत गावच्या घरी जमतं. त्याच्या दोन महिने आधी शस्त्रक्रिया केली, तर सगळ्यांना नेमकं सर्वांत वाईट रूप दिसणार. 24 जूनच्या सांजावाला (सेंट जॉनच्या सणाला) डोक्यावर कोपेल (फुला-पानांचा मुकुट) घालून विहिरीत उडी मारणाऱ्यांनी मे महिना टाळावा, कारण विहीर, समुद्र आणि क्लोरिनचा पूल किमान महिनाभर बंद असतो. शिगम्याच्या गुलालाचंही तेच. एप्रिल-मेमध्ये घामाने जीव नकोसा होतो, तर पावसाळ्यात ऊन नसलं तरी टोपी दिवसभर दमट राहते. नोव्हेंबर ते जानेवारी हवा त्यातल्या त्यात कोरडी असते, तो काळ बरा.

शस्त्रक्रिया मुंबई, पुणे किंवा बेंगळुरूला असेल, तर परतीचा प्रवास आधी ठरवा. रेल्वेत खालचाच बर्थ घ्या. मधल्या-वरच्या बर्थवर चढता-उतरताना डोकं आपटतं, आणि बधिर असल्यामुळे किती लागलं तेही कळत नाही. चेअर कारमध्ये गळ्याभोवतीची प्रवासी उशी घ्या, म्हणजे डोक्याचा मागचा भाग सीटला घासणार नाही. विमानतळावर सुरक्षारक्षक टोपी काढायला सांगू शकतात. ती अलगद वर उचलून काढता येईल अशी सैल हवी.

पहिले दहा दिवस

पहिल्या चार-पाच रात्री साधारण 45 अंशांत टेकून झोपा. शस्त्रक्रियेत टाळूत भरलेलं औषध आणि पाणी हळूहळू खाली उतरतं, म्हणून सूज तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळावर आणि मग डोळ्यांवर येते. आरशात बघून घाबरायला होतं, पण आठवड्याच्या आत ती ओसरते. शेक द्यायचा तो थंड, कपाळावर, ग्राफ्ट (मागून काढलेली केसांची मुळं) लावलेल्या जागेपासून दूर. उशीला गडद रंगाचा जुना सुती अभ्रा घाला, केस काढलेल्या मागच्या भागातून लालसर पाणी झिरपतं.

सलाइनचा फवारा आणि पहिली धुलाई डॉक्टर सांगतील त्याच दिवसापासून. शॉवर नको. मगभर कोमट पाण्यात थोडा बेबी शाम्पू फेसाळून तो फेस डोक्यावर ठेवायचा आणि मगाने हलकेच ओतून धुवायचं. खपल्या नखाने काढायच्या नाहीत. आठव्या-नवव्या दिवसाच्या सुमारास, डॉक्टरांनी होकार दिल्यावर, फेस दहा मिनिटं ठेवून खपल्या भिजू द्या आणि बोटांच्या पेरांनी गोल फिरवत सोडवा. खपलीबरोबर केस निघाला तर काळीज धस्स होतं. पण रक्त नसेल तर मूळ आतच राहिलेलं असतं. उपटलेला ग्राफ्ट रक्त काढतो. तसं झालं तर सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजने दहा मिनिटं अलगद दाबून धरा आणि डॉक्टरांना फोन करा. पू, ताप, वाढत जाणारं दुखणं किंवा त्वचा काळी पडणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवायला जा.

खोबरेल तेल मात्र कपाटात राहू दे. खपल्या मऊ करायला घरातलं कोणीतरी वाटी घेऊन येईलच. ओल्या जखमेवर तेल, त्यात घाम आणि धूळ, म्हणजे फोडांना आमंत्रण.

कपडे पुढून बटणं असलेले घाला. टी-शर्ट डोक्यावरून ओढताना नेमका पुढच्या ओळीला घासतो. जुन्या घरांची दारं ठेंगणी असतात, तिथे नेहमीच्या सवयीने नव्हे, मुद्दाम वाकून आत जा.

आता हेल्मेट. गोव्यात दुचाकीशिवाय पान हलत नाही, पण कमीत कमी दोन आठवडे, आणि डॉक्टर म्हणतील तर महिनाभर, हेल्मेट घालू नये. घालण्यापेक्षा काढताना धोका जास्त: आतलं अस्तर पुढून मागे ग्राफ्ट खरवडत जातं. हेल्मेट नाही तर दुचाकीही नाही, पायलटच्या (मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागेसुद्धा नाही. तेवढे दिवस बस किंवा कार.

लोक काय विचारतील

शस्त्रक्रियेसाठी डोकं तासतात, आणि आपल्याकडे तासलेल्या डोक्याला अर्थ असतो. घरी कोण गेलं, हा प्रश्न आधी येतो. ज्या घरात तेराव्यापर्यंत दाढी-मिशीही उतरवायची पद्धत आहे, तिथल्या ओळखीच्यांसाठी मिशी राखणं हे न बोलता दिलेलं उत्तर असतं. मिशी नसेल तर दाढीचे खुंट आधीपासून वाढवा, नजरही थोडी खाली उतरते. ‘तिरुपतीला जाऊन आलो’ ही थाप पहिल्या दहा दिवसांत चालत नाही, कारण मुंडन सगळीकडे सारखं असतं आणि तुमच्या कपाळावर खपल्यांची रेघ असते. ‘टाळूवर छोटी शस्त्रक्रिया झाली’ हे वाक्य खरंही आहे आणि पुरेसंही.

पूर्ण डोकं तासून घ्यावं की केस जिथून काढतात तो फक्त मागचा पट्टा, हे शक्य तिथे आधी ठरवून घ्या. वरचे केस लांब असतील तर मागचा पट्टा त्याखाली झाकतो. पण पुढे विरळ असलेल्याने सगळं एकसारखं बारीक करावं. लांब-आखूड ठिगळांकडे जास्त लक्ष जातं. एफयूटी पद्धतीत, म्हणजे केसांसकट त्वचेची पट्टी कापून काढली असेल, तर टाक्यांवर मागचे केस किमान दोन सेंटिमीटर हवेत, म्हणून मागे मशीन फिरवू देऊ नका.

टोपी पहिल्या दिवसांत क्लिनिकने दिलेलीच. नंतर रुंद काठाची, मऊ सुती, डोक्यावर टेकण्याऐवजी तरंगणारी. दोन-तीन टोप्या ठेवा आणि घामेजली की बदला, आमच्या दमट हवेत एका टोपीवर दिवस निभत नाही. ऊन सावळ्या त्वचेवर लाल खुणांचे काळपट डाग करून ठेवतं. म्हणून तीन महिने टोपी, आणि महिन्यानंतर डॉक्टरांना विचारून सनस्क्रीन. देवळात किंवा चर्चमध्ये टोपी काढावी लागणार असेल तर सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतर जा. भर उन्हात पटांगणात उघड्या डोक्याने रांगेत उभं राहणं टाळा.

व्हिडिओ कॉलला दिवा समोर ठेवा. छतावरचा दिवा टाळू आरपार दाखवतो. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत, वर नको.

दुसऱ्या आठवड्यापासून चौथ्या महिन्यापर्यंत

दुसरा ते आठवा आठवडा गळतीचा. मूळ विश्रांतीत जातं, वरचा केस सुटतो. शेजारचे जुने केसही काही काळ गळू शकतात, याला शॉक लॉस म्हणतात. उशीवरचे केस मोजत बसू नका. लाली काही आठवड्यांत उतरते, गोऱ्या त्वचेवर जास्त रेंगाळते.

याच काळात फायबर पावडर (विरळ जागी भुरभुरायचे केसांसारखे तंतू) आणि विगचा मोह होतो. फायबर खपल्या पूर्ण गेल्यावर, साधारण महिन्यानंतर, आणि तेही डॉक्टरांनी परवानगी दिली तर. दमट दिवशी घामाबरोबर त्याचे ओघळ कपाळावर येतात, तेव्हा थोडंच वापरा आणि रात्री धुऊन झोपा. गोंदाने किंवा क्लिपने बसणारा विग लावलेल्या जागेवर नको. जे जितकं घट्ट झाकतं, तितकं ते खाली ओढतं आणि कोंडतं. मिनॉक्सिडिल (केस वाढवायचं औषध) पुन्हा कधी सुरू करायचं तेही डॉक्टरच ठरवतील.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बारीक फोड येतात, कारण नवे केस त्वचेखालून वर येताना अडकतात. फोडू नका. गरम ओला कपडा काही मिनिटं ठेवला की बहुतेक बसतात. एकदम पुष्कळ आले तर दाखवा.

न्हाव्याकडे महिन्यानंतर जाता येतं. पुढच्या भागावर फक्त कात्री, मशीन आणि वस्तरा नको. बाजू मात्र बारीक ठेवायला सांगा. कडा भरगच्च आणि वर विरळ असली की फरक डोळ्यात भरतो, कडा उतरवल्या की वरचं तेवढंच दाट वाटतं. खुर्चीवर बसतानाच सांगून टाका, नाहीतर शेवटी सवयीने चंपी सुरू होते.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पहिले केस येतात ते पातळ, कधी वाकडे. सहाव्या महिन्यापर्यंत समोरची ओळ जाणवते, पूर्ण दाटी यायला वर्ष लागतं, आणि भोवऱ्याकडचा भाग त्याहूनही उशिरा, दीड वर्षापर्यंत. फोटो महिन्यातून एकदाच काढा: तीच खिडकी, तीच वेळ, केस कोरडे.