हात धुता धुता सजगता: वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी

सकाळी वॉर्डातील पोस्टिंग, दुपारी लेक्चर, रात्री जर्नल आणि पाठांतर असा दिवस काढणाऱ्या विद्यार्थ्याला ‘रोज अर्धा तास ध्यान करा’ असे सांगणे म्हणजे त्याच्या ओझ्यावर आणखी एक ओझे ठेवणे होय. त्यापेक्षा, जो वेळ असाही द्यावाच लागतो त्यातच सजगतेचा (माइंडफुलनेसचा, म्हणजे चालू क्षणाकडे जाणीवपूर्वक लक्ष देण्याचा) सराव बसवावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे हँडरबने (अल्कोहोलयुक्त द्रवाने) हात चोळण्यास २० ते ३० सेकंद आणि साबणाने धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात पुढच्या केसची हिस्ट्री मनात न घोळवता तळव्यांचा गारवा, बोटांच्या बेचक्यांतील घर्षण आणि चालू असलेला श्वास यांकडेच लक्ष ठेवावे. मन व्हायवाकडे (तोंडी परीक्षेकडे) पळणारच. ते पळाल्याचे ध्यानात आले की स्वतःवर न चिडता त्याला पुन्हा हातांकडे आणावे. हे परत आणणे हाच सराव आहे, त्यामुळे मन स्थिर राहिले नाही म्हणून तो फसला असे मानू नये.

दुसरी जागा लोकलची. परळहून डोंबिवलीकडे जाताना (बसायला मिळाले तर नशीबच) दोन स्टेशनांपुरता मोबाइल बॅगेत ठेवावा आणि तळपायांवरचा भार व आवळलेले खांदे यांची केवळ नोंद घ्यावी. दारात उभे असाल तर मात्र हा प्रयोग करू नये.

अतिश्रमातून येणाऱ्या ‘बर्नआउट’मध्ये थकव्याइतकाच कामाविषयीचा दुरावाही असतो. रुग्णाचा उल्लेख नावाऐवजी ‘बारा नंबरचे लिव्हर’ असा होऊ लागला, तर तो दुरावा ओळखावा आणि पुढच्या वेळी खाटेजवळ जाताना एक श्वास घेऊन आधी नाव उच्चारावे. माझ्या मते हा सर्वांत उपयोगी भाग आहे.

जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला सजगतेचा अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा आहे. तेव्हा चार दिवसांत निकाल मागू नये. इगतपुरीचे दहा दिवसांचे विपश्यना शिबिर परीक्षेच्या तोंडावर, तेही पूर्ण थकलेल्या अवस्थेत, गाठू नये.

सलग ड्यूट्यांमुळे बुडालेली झोप श्वासाकडे पाहून भरून निघत नाही. त्यासाठी युनिटच्या वरिष्ठांशी वेळापत्रकाबद्दलच बोलावे लागते. उदासी आठवडेच्या आठवडे टिकली, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर सराव बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे, अथवा १४४१६ या ‘टेली-मानस’ मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करावा, ही सेवा मोफत असून चोवीस तास चालू असते.