लकव्याच्या कोंबडीची नस कशी बघायची

एक पाय पुढं, एक मागं टाकून कोंबडी पडली की आमच्या विट्याकडं आधी कॅल्शियमची बाटली येते. बाटली राहू द्या, पक्षी मेला की त्याची सायटिक नस, म्हणजे पायाकडं जाणारी जाड नस बघा. असा लकवा आणि अंगात गाठी आणणाऱ्या मेरेक्स या विषाणूच्या रोगाची खूण तिच्यावर दिसते. एकदम बरेच पक्षी मेले असतील तर मात्र सुरी लावू नका, सरकारी दवाखान्यात कळवा.

कोंबडी शेडपासून लांब न्या, हातमोजे घाला आणि पिसं साबणाच्या पाण्यानं भिजवा. मेरेक्सचा विषाणू पिसांच्या कोंड्यातूनच पसरतो. पक्षी उताणा ठेवून कातडं सोला, दोन्ही मांड्या बाहेर दाबून खुब्यातून निखळवा. मांडीच्या आतल्या अंगाचा पातळ, पसरट स्नायू चिमट्यानं उचलून कापा. खाली पांढरी दोरी दिसेल, तीच नस.

शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकताना पहिल्या दिवशी मी नस समजून कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) धरून बसलो होतो आणि सर गालात हसत होते. कंडरा चकाकते, ताठ असते. नस मऊ लागते आणि उजेडात तिरकी धरली की तिच्यावर बारीक आडव्या रेघा दिसतात. मेरेक्समध्ये या रेघा पुसल्या जातात. नस दुप्पट-तिप्पट जाड, करडी किंवा पिवळसर होते.

एकाच पायावर निकाल देऊ नका. मेरेक्समध्ये बहुधा एकच बाजू सुजते, म्हणून दोन्ही नसा शेजारी शेजारी बघायच्या. दोन-तीन आठवड्यांच्या पिलाची बोटं आत वळलीत आणि दोन्ही नसा सुजल्यात? मग व्हिटॅमिन बी-२ कमी पडलंय, खाद्य तपासा.

मांडीत काही सापडलं नाही तर वर जा. आतडी काढली की कमरेच्या हाडाच्या खोबणीत किडन्या बसलेल्या दिसतात. या नसेची मुळं किडनीच्या मांसातूनच जातात. सुरीच्या बोथट पाठीनं किडनी खरवडा, पांढरे धागे मोकळे होतील. सांगलीत लंगडणारा बजरीगर (पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पोपट) कुणी आणला की मी पायाआधी पोट चाचपतो ते याचमुळं. किडनीत गाठ वाढली की नस दाबली जाते.

नस चांगली दिसली म्हणून मेरेक्स नाहीच असं म्हणता येत नाही. कधी गाठी फक्त लिव्हरमध्ये सापडतात. औषध यावर नाहीच. लस हॅचरीत पहिल्याच दिवशी टोचलेली लागते.

दोन्ही नसांचे तुकडे १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवा. बाटलीवर डावा-उजवा लिहा. मी एकदा विसरलो होतो, लॅबवाल्यांनी फोनवर चांगलं झापलं.