पडत्या काळात हौशी नाट्यसंस्था चालती ठेवायची तर

तालुक्याच्या गावातली नाट्यसंस्था एका दिवसात बंद पडत नाही. एका वर्षी प्रयोग होत नाही, तेव्हा सगळे म्हणतात पुढच्या वर्षी बघू. मग तालमीची खोली सुटते, पडदे कुणाच्या तरी माळ्यावर जातात, आणि तिसऱ्या वर्षी ज्याला विचारावं तो म्हणतो, आता कुठं जमतंय. म्हणून पैसा, माणसं, जागा यांतलं काहीही आटलं तरी प्रयोग लहान करा, पण वर्ष कोरडं जाऊ देऊ नका. दहा-बारा माणसं, एक छोटा टेम्पो आणि शाळेचा हॉल एवढ्यात बसेल असं नाटक उभं करता येतं. ते कसं करायचं, ते पुढे सविस्तर दिलं आहे.

आधी वही

वहीची दोन पानं आखा. पहिल्यावर एकदाचा खर्च लिहा: लाकूड, कापड, रंग, कपडेपट, संगीत, झेरॉक्स. दुसऱ्यावर दर प्रयोगाचा खर्च: हॉलभाडं, टेम्पो, भाड्याचे दिवे, ध्वनी, रंगभूषा, हमाली, चहा-जेवण. पहिला खर्च डोळ्यांत भरतो, त्यामुळे काटकसर तिथेच सुरू होते. संस्था मात्र दुसऱ्या पानामुळे बुडते.

समजा, हॉल ३०० खुर्च्यांचा आहे. हिशोबाला १२० तिकिटंच धरा, त्याहून जास्त धरू नका. १०० रुपये दरानं १२,००० आले, प्रयोगाला ९,००० गेले, हाती ३,००० उरले. एकदाचा खर्च १८,००० असेल तर तो फिटायला सहा प्रयोग लागतील. आता एकदाच्या खर्चात ३,००० वाचवलेत तर सहाचे पाच होतात. तेच ३,००० दर प्रयोगाच्या खर्चातून वाचवलेत तर हाती ६,००० उरतात आणि तीन प्रयोगांत सगळं फिटतं. म्हणून पुढचं प्रत्येक पाऊल दुसरं पान हलकं करण्यासाठी आहे: मोठा टेम्पो लागू नये, दिवे भाड्यानं आणावे लागू नयेत, हमाल लागू नयेत. लागणारे प्रयोग कुठे होणार, त्या गावांची आणि मंडळांची नावं मुहूर्ताचा नारळ वाढवण्याआधी वहीत लिहिता आली पाहिजेत. नाही आली तर नेपथ्य कापा.

बारा सभासदांनी महिन्याला २०० रुपये दिले तर वर्षाला २८,८०० जमतात, म्हणजे एका लहान नाटकाची सोय होते. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच ठेवा. खजिनदाराच्या फोनवर पैसे घेतले की दोन महिन्यांत कुणाचे किती याचा पत्ता लागत नाही, आणि मनं तिथेच फाटतात. पावतीपुस्तकावर अनुक्रमांक हवेत, बँकेत दोन सह्या हव्यात. नाटकाच्या तिकिटाचा दर माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, तेव्हा ती धास्ती नको.

माणसं मोजून नाटक

आवडलं म्हणून नाटक घेऊ नका. आधी यादी करा: संध्याकाळी सात ते नऊ, आठवड्यात पाच दिवस, सहा आठवडे कोण येऊ शकतं? शिफ्टवाले, परीक्षेची मुलं, बदलीवर असलेले वेगळे लिहा. स्त्रीपात्रं किती हवीत हे पाहण्याआधी किती जणी खरोखर येणार आहेत ते विचारा, आणि तालमीनंतर त्यांना घरी कोण सोडणार तेही त्याच दिवशी ठरवा. ही सोय न केल्यामुळे किती तरी नाटकं मधेच सुटतात.

माणसांची ओढाताण असेल तर दोन अंकी नाटकाऐवजी तीन एकांकिका घ्या, प्रत्येकी तीन-चार पात्रांच्या, चाळीस-पन्नास मिनिटांच्या. तिन्हींच्या तालमी वेगळ्या चालतात, त्यामुळे एक जण आला नाही म्हणून बाकीचे नऊ जण परत जात नाहीत. तिन्ही एका संध्याकाळी लावल्या की पूर्ण प्रयोग होतो, आणि एकेक सुटी काढून एकांकिका स्पर्धेला किंवा गणपतीच्या मंडळाला नेता येते.

दोन अंकी नाटकाला साठ तास तालीम धरा. पहिला आठवडा बसून वाचन. दुसऱ्या-तिसऱ्यात हालचाली बसवणं, आणि तिसऱ्याच्या शेवटी हातातली संहिता खाली. शेवटचे चार दिवस नेपथ्याचे खरे ठोकळे, खरे कपडे, खरं संगीत. रंगीत तालीम प्रयोगाच्या आदल्या रात्री ठेवू नका. एक दिवस मधे सोडा, नाहीतर फाटलेला सदरा शिवायला आणि बिघडलेला दिवा बदलायला वेळच उरत नाही.

प्रत्येक भूमिकेला एक बदली माणूस ठरवा. त्यानं रोज यायची गरज नाही, पण आठवड्यातून एकदा ती भूमिका उभं राहून करायची. प्रॉम्प्टरच्या वहीत डाव्या पानावर संवाद आणि उजव्या पानावर हालचाल लिहा. मुख्य नट आजारी पडला की प्रयोग वाचतो तो या वहीमुळे.

ठोकळे, एक चौकट आणि काळा पडदा

एवढ्यात घर, कचेरी, बस स्टँड, नदीकाठ सगळं उभं राहतं. आठ बाय चारच्या, १२ मिलिमीटर जाडीच्या एका प्लायमधून १८ इंचांचे दहा चौकोन निघतात. तळ उघडा ठेवला की एका ठोकळ्याला पाच लागतात, म्हणजे एका प्लायचे दोन ठोकळे. तीन प्लाय आणले की सहा झाले.

कापताना एक चूक हमखास होते: पाचही चौकोन सारखे ठेवले जातात आणि ठोकळा चौरस बसत नाही. वरची फळी पूर्ण १८ बाय १८ ठेवा. चारही बाजूंची उंची साडेसतरा घ्या, आणि त्यांतल्या समोरासमोरच्या दोन बाजू रुंदीला एक इंच कमी, म्हणजे १७ इंच करा. प्लायची जाडी अर्धा इंच असते, तिची जागा इथे निघते. आतल्या कोपऱ्यांत एक इंची चौरस पट्टी, सुतारी गोंद आणि स्क्रू. खिळे नकोत, कारण टेम्पोच्या हादऱ्यांनी ते ढिले होतात आणि चौथ्या प्रयोगाला ठोकळा कुरकुरतो, तोही नेमका शांत प्रसंगात. वरच्या फळीखाली मधोमध एक आडवी पट्टी द्या, म्हणजे माणूस वर उभा राहिला तरी फळी वाकणार नाही. एका बाजूला चार बाय दीड इंचाचं हाताचं भोक पाडा. खालच्या कडांना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवा, म्हणजे ठोकळा फरशीवर सरकत नाही आणि वाजतही नाही. रंग मॅटच हवा, ऑइलपेंट दिव्याखाली चमकतो. तयार ठोकळ्याचं वजन साधारण आठ किलो होतं, एकटा माणूस उचलतो. टेम्पोत तो उलटा ठेवायचा आणि पोटात कपडेपट भरायचा.

दाराची चौकट सात फूट बाय तीन फूट, दोन्ही पायांना त्रिकोणी टेकू आणि प्रत्येक टेकूवर दहा किलोची वाळूची पिशवी. टेकू विंगेकडच्या बाजूला येतात, तेव्हा दार त्याच बाजूला उघडत असेल तर ते टेकूवर आपटत नाही ना, हे आधी पाहा. दार आपटलं आणि चौकट हलली की प्रेक्षक हसतात, मग प्रसंग काही केल्या सावरत नाही.

मागचा पडदा सुती घ्या. काळा रंगवलेला मांजरपाट चालतो. त्याला आगीपासून जपण्यासाठी दहा लिटर कोमट पाण्यात ७०० ग्रॅम टाकणखार आणि ३०० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून पडदा पूर्ण भिजवा आणि न पिळता वाळवा. वाळल्यावर एक पट्टी कापून बाहेर अंगणात काडी लावून बघा: काडी दूर केली की ज्योत विझली पाहिजे. पडदा धुतला की हे सगळं निघून जातं, पुन्हा भिजवावा लागतो. पॉलिस्टरवर याचा उपयोग होत नाही.

दिवे

भाड्याच्या दिव्यांत दर प्रयोगाचे पैसे जातात, शिवाय शाळेची वायरिंग ते पेलत नाही. १,००० वॅटचा एक हॅलोजन सव्वाचार अँपियरहून थोडा जास्तच ओढतो. १५ अँपियरच्या पॉइंटवर असे तीन चालतात, चौथा लावला की फ्यूज जातो. वर्गातल्या ६ अँपियरच्या पॉइंटवर फक्त एक. त्यापेक्षा सहा एलईडी पार (डब्याच्या आकाराचे रंगमंचाचे दिवे) विकत घ्या, प्रत्येकी दीडशे वॅटच्या आसपासचे. सहांचे मिळून ९०० वॅट, म्हणजे चार अँपियर, एकाच पॉइंटवर भागतं.

समोरच्या चारांत पिवळसर पांढरा प्रकाशच हवा. लाल-हिरवा-निळा मिसळून केलेला पांढरा चेहऱ्यावर आजारी दिसतो, मग रंगभूषा कितीही करा. रंगीत दोन मागून लावा, त्यांनी माणूस पडद्यापासून सुटा दिसतो. समोरचे दिवे ३० ते ४५ अंशांत ठेवा: त्याहून उंच गेले तर डोळ्यांखाली खड्डे पडतात, खाली आले तर चेहरा चपटा होतो आणि मागच्या पडद्यावर सावल्या नाचतात. एलईडी जुन्या डिमरवर (दिवा मंद-प्रखर करणाऱ्या यंत्रावर) कधीही लावू नका. ते लुकलुकतात आणि आतलं वीजपुरवठ्याचं सर्किट जळतं. त्यांचा स्वतःचा कंट्रोलर वापरा.

वायर अडीच चौरस मिलिमीटरची घ्या आणि रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर भाराखाली तापते आणि वितळते. आवाजाची यंत्रणा वेगळ्या सर्किटवर लावा, नाहीतर स्पीकरमधून घरघर येते.

जागा आणि वेळ

मंगल कार्यालय स्वस्तात मिळतं, पण आवाज घुमतो. मागच्या भिंतीवर सतरंज्या टांगा आणि माइकचा आवाज वाढवण्याऐवजी कमी करा. दीडशे प्रेक्षकांपर्यंत माइकच नको, नटांना शेवटच्या रांगेकडे बोलायला शिकवा. पंखे बंद आणि चालू, दोन्ही प्रकारे ऐकून बघा. व्यासपीठ नसेल आणि जमिनीवरच प्रयोग असेल तर पात्रं खाली बसतील असे प्रसंग ठोकळ्यांवर आणा. जमिनीवर बसलेला नट तिसऱ्या रांगेपलीकडे दिसत नाही. पहिल्या दोन रांगा सतरंजीवर बसवल्या तर बराच फरक पडतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षांमुळे शाळांचे हॉल मिळत नाहीत, पेरणीच्या दिवसांत प्रेक्षक मिळत नाही. दिवाळी ते होळी आणि गावोगावच्या जत्रा हा खरा हंगाम. कोकणात आणि गोव्यात तर देवळाच्या उत्सवात नाटक व्हायचंच, तिथे हौशी संस्थांना मान असतो. उघड्यावर प्रयोग असेल तर सातला सुरू करा, कारण रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. सुपारी घेताना निम्मा विसार आगाऊ घ्या, आणि मंचाचा आकार, वीज, सुरू होण्याची वेळ, जेवण हे सगळं एका कागदावर सहीनिशी लिहून घ्या. तोंडी ठरलं तर 'आधी सत्कार आटपू' म्हणता म्हणता साडेनऊ वाजतात.

कागदपत्रं

प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र लागतं, संहिता वेळेत पाठवा. लेखकाचं लेखी परवानगीपत्र घ्या. हौशी मंडळानं प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेल्या प्रयोगाला कायद्यात सवलत आहे, पण तिकीट लावलं की ती गेली. 'देणगी प्रवेशिका' नाव दिलं तरी पैसे ते पैसेच. मानधन देणं अवघड असेल तर जुन्या संहितांकडे वळा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, म्हणून देवल (मृत्यू १९१६), गडकरी (१९१९), खाडिलकर (१९४८) यांची नाटकं मोकळी आहेत. मात्र त्यांची अलीकडे कुणी केलेली रंगावृत्ती, म्हणजे प्रयोगासाठी बेतलेली संहिता, मोकळी नसते. मूळ संहितेवरून स्वतः दोन तासांची रंगावृत्ती करा.

नोंदणीकृत संस्थेत पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या. हा अर्ज राहिला की बँक नव्या सह्या घेत नाही आणि अनुदानाचा कागद पुढे सरकत नाही.

राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि हौशी संस्थांना तिनंच जगवलं. तिथे जरूर उतरा, पण ठोकळ्यांचंच नाटक घेऊन. एका प्रयोगासाठी कर्ज काढून मंचावर वाडा उभा करायचा आणि तो नंतर पावसात कुजू द्यायचा, हे पडत्या काळात परवडत नाही.

रुसलेली माणसं आणि प्रयोगानंतरची रात्र

भूमिका ठरवण्याआधी तीन दिवस सगळ्यांना सगळ्या भूमिका वाचू द्या, मग दिग्दर्शकानं कारण सांगून नावं जाहीर करावीत. कुजबूज बरीच कमी होते. येणं सोडलेल्यांना 'परत या' असं मोघम बोलावू नका. 'रविवारी दहा ते एक ठोकळे रंगवायचे आहेत, या' असं नेमकं काम सांगा. तीन तासांसाठी माणूस येतो, आणि हातात ब्रश असला की गप्पा सुरू होतात.

प्रयोग संपला की पडदा घामानं किंवा दवानं ओलसर असतो. तसाच घडी घालून ठेवला तर पावसाळ्यात आठवड्यात बुरशी धरते. त्याच रात्री तो दोरीवर टाका, दुसऱ्या दिवशी ऊन द्या, आणि कडुलिंबाचा वाळला पाला घालून कोरड्या ट्रंकेत ठेवा. संगीताच्या फायली ०१, ०२ असे क्रमांक देऊन पेनड्राइव्हवर दुसरी प्रत करा. प्रयोगाचा हिशोब चोवीस तासांत सगळ्यांना पाठवा आणि पुढच्या प्रयोगाची तारीख त्याच निरोपात घाला.